एक जूनची माणसं

हिंजवडी,
२ मार्च २०२६

प्रिय हिराआजी,

जयभीम. आधीच सांगते, सगळं ठीक आहे. नोकरी आहे, वेळेवर जेवते, केस कापलेले नाहीत. तेव्हा पत्र बघून घाबरू नकोस. फोन करत नाही, कारण फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनानं लावतेस. आणि धायरीला यायचं म्हटलं तर आमच्या इथल्या ट्रॅफिकमधून पोस्टमनच माझ्याआधी पोचेल.

तर बातमी अशी. आमच्या फ्लॅटजवळच्या कॉलेजचं एक छोटं रेडिओ केंद्र आहे, मोबाईलवरही लागतं. तिथे नोकरी सांभाळून मी काम करते. पगार वगैरे काही नाही, हौस. रोज सकाळी पाच मिनिटांचा माझा कार्यक्रम असतो, ‘आजच्या तारखेला’. म्हणजे आजच्या दिवशी कुठल्या खाँसाहेबांचा जन्म झाला, कुठली गायिका गेली, कुठली गाजलेली रेकॉर्ड कधी निघाली, असं. सगळं नेटवर मिळतं. पण एक दिवस मला वाटलं, यात आपलं कुणीच कसं नाही? म्हणून मी पुण्यातले बँडवाले, शाहीर, भजनी मंडळातले पखवाजवाले, आपल्या गायन पार्ट्यांमधले गाणारे-वाजवणारे, सगळ्यांकडून आधार कार्डांचे फोटो मागवायला सुरुवात केली.

आजी, अंगावर काटा आला माझ्या! निम्म्याहून जास्त माणसं एकाच तारखेला जन्मलेली. एक जून! तुझी पण तीच, आणि तुझ्या भावाची, रतनआजोबांची पण तीच! संगीताच्या इतिहासात असा दिवस दुसरा नसेल. आमच्या केंद्राच्या प्रमुख पूर्वा मॅडम आहेत, त्या कशालाच चटकन ‘वा’ म्हणत नाहीत. त्या म्हणाल्या, “विलक्षण आहे. पण पुरावे आण.” मी काय पुरावे आणणार? एक आख्खी पिढीच एका दिवशी सूर घेऊन आली, एवढंच मला कळतं.

तू त्या दिवशी रेडिओवर यायचंस. नाही म्हणायचं नाही.

तुझी मैत्री

•

धायरी,
९ मार्च २०२६

चि. मैत्री हिस सप्रेम जयभीम.

पत्र वाचून मी इतकी हसले की शेजारची मथुराबाई विचारायला आली, काय झालं म्हणून. तिलाही वाचून दाखवलं. तिची तारीखसुद्धा एक जूनच आहे, आणि तिला तर साधी आरतीही सुरात म्हणता येत नाही.

अगं शहाणे, एवढी शिकलीस, कंपनीत दुसऱ्यांच्या चुका शोधायचा पगार घेतेस, आणि हे कुणी सांगितलं नाही होय तुला? त्या दिवशी संगीत जन्मलं नव्हतं, शाळेत नाव घातलं होतं. आमच्या आयांना तारखा कुठून ठाऊक असणार? ‘सुगी चालू होती’, ‘विहिरीचं पाणी आटलं होतं’, असा आमचा जन्म. गुरुजी विचारायचे, “पोरगी कितीची?” आई म्हणायची, “आसंल सा-सात वर्साची.” गुरुजी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघायचे, अंदाजानं वर्ष धरायचे आणि पुढे एक जून ठोकून द्यायचे. शाळा जूनची, म्हणून पोरं जूनची. मला तर आठवतंय, आम्ही ओळीनं उभे होतो आणि गुरुजी मान वर न करता लिहीत होते. रतन माझ्याहून चार वर्षांनी लहान, तोही एक जूनचाच. आईनं काय घड्याळ लावून पोरं काढली होती का?

आता जाऊन त्या मॅडमना सांग, म्हणावं आजीनं पुरावा दिला.

पण पोरी, तुझा विचार चांगला आहे. रतनला हे वाचून दाखवलं. परवा तो वाघोलीहून आला होता, त्याच्या पोरानं, अनिरुद्धनं गाडीनं आणून सोडलं होतं. रतननं काय विचारलं माहीत आहे? “ताई, रेडिओवर ढोलकीवाल्याचं पण नाव घेत्यात का गं?”

तुला कळणार नाही, म्हणून सांगते. आमच्या मालकांच्या, सोनबांच्या गायन पार्टीत रतननं जन्मभर ढोलकी वाजवली. प्रत्येक कार्यक्रमाला निवेदक आधी अध्यक्षांचं नाव घ्यायचा, मग ज्यानं मांडव दिला त्याचं, माइक दिला त्याचं, मग गायक म्हणून सोनबांचं, मग माझं. ढोलकीवाल्याचं नाव कुणीच घ्यायचं नाही. ‘आणि सहकारी’, झालं. गाणं पडलं की शिव्या मात्र ढोलकीला. रतन कधी बोलला नाही. आता म्हातारपणी पहिल्यांदा तोंडातून निघालं. त्याला एकदा त्याचं नाव ऐकायचंय. तेवढं जमव. माझं राहू दे.

तुझी हिराआजी

•

हिंजवडी,
१७ मार्च २०२६

प्रिय हिराआजी,

माझं हसं झालं ते झालंच, पण पूर्वा मॅडमनी तुझं पत्र केंद्रावर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आता चहावालासुद्धा मला ‘काय एक जून’ म्हणतो.

पण मॅडम नंतर गंभीर झाल्या. म्हणाल्या, “मग या माणसांना आपल्या कार्यक्रमात जागा कुठे? तारीख खोटी आहे हे कळल्यावर मी ती खरी म्हणून सांगू देणार नाही.” त्यांचा नियम कडक आहे. मागे एका सतारियांचा जन्मदिवस मी एक दिवस आधी सांगितला होता, तर सदाशिव पेठेतून एका काकांचा फोन आला, “कार्यक्रमाचं नाव ‘उद्याच्या तारखेला’ ठेवा.” तेव्हापासून मॅडम प्रत्येक ओळ तपासतात.

मग मला कल्पना सुचली आणि मॅडमनाही आवडली. आजी, एक जूनला खास अर्धा तास करायचा! ज्यांची जन्मतारीख कुणी लिहूनच ठेवली नाही, अशा सगळ्या कलाकारांचा एकत्र दिवस. तारीख खोटी आहे हे उघड सांगायचं आणि सगळ्यांना मानानं बोलवायचं. बँडवाले, पखवाजवाले, तू, रतनआजोबा. त्यात त्यांचं नाव नक्की घेऊ. कशी आहे कल्पना?

मला तर लिहितानाच रडू येतंय, इतकी छान आहे.

तुझी मैत्री

•

धायरी,
२७ मार्च २०२६

चि. मैत्री,

जयभीम. रड खुशाल, पण मला कल्पना आवडली नाही. तोंडावर सांगते, राग मानू नकोस.

मोठ्या लोकांना एकेक तारीख आणि आम्हाला सगळ्यांना मिळून एक, असंच ना? आम्ही ढिगातच वाढलो गं. गावाच्या कडेला सगळे एकत्र, शाळेत मागच्या ओळीत सगळे एकत्र, गुरुजींनी तारीख दिली तीही एकत्र. आता रेडिओवरही ढिगातच? अर्ध्या तासात तू किती नावं घेणार? रतनचं नाव कुठल्यातरी बँडवाल्याच्या आणि पखवाजवाल्याच्या मधे भुर्रकन निघून जाणार. तो कानात प्राण आणून बसेल आणि अनिरुद्धनं नेमका तेव्हाच मिक्सर लावला तर संपलं.

त्याला त्याचा एक स्वतंत्र दिवस दे. आणि जूनपर्यंत कशाला थांबायचं? तारीख खोटीच आहे ना? मग ती पुढं-मागं केली तर कुणाचं काय जातंय? एप्रिलात सांग की ‘आज रतन ओव्हाळ यांचा वाढदिवस’. गुरुजींनी मनानं लावली, आपण मनानं बदलू. गुरुजी काय भांडायला येत नाहीत.

लवकर कळव. लवकर म्हणजे खरंच लवकर.

हिराआजी

•

हिंजवडी,
६ एप्रिल २०२६

प्रिय हिराआजी,

ढिगाचं तू लिहिलंस ते मी दोनदा वाचलं. तुझं बरोबर आहे. मला ते दिसलंच नव्हतं.

पण तारीख बदलायचं मात्र नाही जमणार. गुरुजी भांडायला येणार नाहीत, पूर्वा मॅडम येतील. आणि मलाच ते पटत नाही गं. एकदा खोटं सांगितलं की उद्या खरं सांगितलेलंही कुणी धरणार नाही. आपल्या माणसांबद्दल पहिल्यांदा काही सांगायचं आणि तेच खोटं?

आणि तुला एवढी घाई कसली झालीय? कबूल कर, मथुराबाईंना सांगून बसली आहेस ना, की आमच्या रतनचं रेडिओवर येणार म्हणून? आता त्या रोज विचारत असतील! जून काय लांब आहे? मी काहीतरी मार्ग काढते. त्यांच्यासाठी वेगळी पाच मिनिटं मागून घेते. चौदा एप्रिलच्या गडबडीतून मोकळी झालीस की निवांत लिही. यंदा गाणार आहेस का?

तुझी मैत्री

•

वाघोली,
२० एप्रिल २०२६

चि. मैत्री,

यंदा गायले नाही. मी जयंतीपासून इथे रतनकडेच आहे.

फोनवर सांगायला गेले असते तर रडू फुटलं असतं, म्हणून लिहिते. रतनचं यकृत गेलंय. फेब्रुवारीतच कळलं होतं. मी तुला लिहिलं नाही, कारण त्यालाही पुरतं सांगितलेलं नव्हतं, आणि तुझं पत्र तो मागून घेऊन वाचतो. गेल्या आठवड्यात दवाखान्यातून घरी आणलं. डॉक्टरांनी अनिरुद्धला बाजूला घेऊन सांगितलं, आता सुया टोचण्यात अर्थ नाही, जे मागतील ते खाऊ घाला. जून लांब आहे का म्हणून विचारलंस ना? लांब आहे बाई. फार लांब आहे.

तुझ्यावर रागावले नाही. तुला माहीत नव्हतं.

आता माझा पराक्रम ऐक. तो रोज विचारतो, “ताई, जूनला किती दिस हायेत?” एक दिवस मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, “रेडिओवाल्यांनी तुझा कार्यक्रम मे महिन्यात ओढलाय, त्यांना जूनमधे सवड नाही.” बाई गं, काय खूश झाला! सुनेला, तनुजाला म्हणाला, “माझा पांढरा सदरा इस्त्री करून ठेव.” रेडिओवर बोलायचंय का दाखवायचंय, काही विचारू नकोस.

खोटं तर मी बोलून बसले. तू म्हणतेस आपल्या माणसांबद्दल खोटं सांगायचं नाही. हेही मला पटतं. मग आता काय करायचं ते तूच सांग, मला सुचत नाही.

हिराआजी

•

हिंजवडी,
२६ एप्रिल २०२६

माझी लाडकी आजी,

मी किती बावळट आहे! ‘जून काय लांब आहे’! ते वाक्य मला कुठूनतरी परत घेता आलं असतं तर बरं झालं असतं.

तू शनिवारी औषधं आणायला धायरीला गेली होतीस, तेव्हा मी वाघोलीला येऊन गेले. अनिरुद्धकाकांना म्हटलं होतं, तुला सांगू नका. तू समोर असतीस तर तुझ्या गळ्यात पडून रडले असते आणि आजोबांना सगळं कळलं असतं.

ते उशीला टेकून बसले होते. मला म्हणाले, “ये, मॅडम!” ढोलकी मागवली. मांडीवर पेलेना, म्हणून काकांनी पलंगावर आडवी धरली. आजी, हात किती बारीक झालेत गं. पण बोटं पडली आणि खोलीच बदलली. थोडंसंच वाजवलं. मी ते रेकॉर्ड केलंय, मागे कुकरची शिट्टीपण आलीय. मी काढणार नाही ती.

मग म्हणाले, “माझा वाढदिवस तुमी लोकांनी मे मधी घेतला म्हनं. चालतंय. आईला विचारलं तर ती म्हनायची, तू झाला तवा लई ऊन होतं. म्हंजी मे आसंलच.” आणि हसले. मला वाटतं आजी, त्यांना सगळं कळलंय. तुझं खोटंही. तुझा मान राखायला त्यांनी वर ऊन घालून दिलं.

मी पूर्वा मॅडमकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी आजोबांची ढोलकी पूर्ण ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “वाढदिवस म्हणून मी नाही सांगू देणार. ती त्यांचीही चेष्टा होईल. पण तुझ्या कार्यक्रमात नुसते जन्ममृत्यू कुठे असतात? घटनाही असतात. या माणसाच्या आयुष्यातली एक खरी घटना आण, तारखेसकट. मे मधली आण. ती आपण सांगू, एकट्याची सांगू.”

आजोबांना विचारलं तर म्हणतात, “तारखा ताईला इचार. मला निस्त्या मात्रा ध्यानात राहत्यात.” म्हणून तुला विचारतेय. मे महिना. काहीही चालेल, पण खरं हवं. लग्गेच लिही, अनिरुद्धकाकांच्या हाती पाठव, ते कंपनीच्या बसनं हिंजवडीलाच येतात.

तुझी मैत्री

•

वाघोली,
२८ एप्रिल २०२६

मैत्री बाळा,

तू येऊन गेलीस हे मला दारातच कळलं. खारी बिस्किटांचा पुडा तू सोडून दुसरं कोण आणतं?

तुझं पत्र वाचलं आणि मी डोक्यावर हात मारून घेतला. इतके दिवस वाढदिवस, वाढदिवस करत बसले. अगं, तारीख माझ्याजवळच आहे! नऊ मे एकोणीसशे एकोणसत्तर. शुक्रवार. ही तारीख मी मेले तरी चुकणार नाही, कारण त्या दिवशी माझं लग्न झालं.

नीट ऐक. सोनबा नवरदेव, त्यांची स्वतःची गायन पार्टी, तेव्हा वऱ्हाडाबरोबर पार्टीही आली. विधी झाला, जेवणं झाली, आता गाण्याला बसायचं. आणि ढोलकीवाला उठेना! का, तर मानाचे फेटे कमी पडले आणि त्याला मिळाला नाही. मांडवाच्या मागे बैलगाडीखाली जाऊन तो रुसून बसला. आमच्या वडिलांनी हात जोडले, स्वतःच्या डोक्यावरचा काढून द्यायला निघाले, तरी तो हलेना. म्हणे, उतरवलेला फेटा घालणार नाही. माणसं खोळंबली. पहिल्याच दिवशी सासरच्या पार्टीची शोभा, आणि तीही आमच्या फेट्यांपायी!

तेवढ्यात बघते तर आमचा रतन. हाफपँट, गुडघ्याला खरचटलेलं. गेला सरळ बैठकीत आणि ढोलकी मांडीवर ओढून घेतली. याआधी त्यानं खरी ढोलकी हातात धरली नव्हती. घरी डालड्याचा डबा बडवायचा आणि आईचा मार खायचा. सोनबांनी त्याच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि काय वाटलं त्यांना कोण जाणे, गाणं उचललं. पहिल्या कडव्याला रतन अडखळला. दुसऱ्याला सावरला. तिसऱ्याला मी नवरी असून मान डोलवायला लागले आणि सासूबाईंनी पदर ओढून माझी मान खाली केली. बैलगाडीखालचा तो रुसलेला स्वतः उठून ऐकायला आला. त्या दिवसापासून ढोलकी रतनची झाली.

त्या वेळी निवेदकानं काय सांगितलं असेल? ‘नवरीच्या भावानं साथ केली.’ नाव तेव्हाही नाही घेतलं.

मॅडमना म्हणावं पुरावा पाहिजे तर नवरी जिवंत आहे. माझ्याहून मोठा साक्षीदार कुठून आणणार? माझ्या तोंडून टेप करून घ्या.

आणि हे सगळं मी आज सकाळी त्याच्यासमोरच मोठ्यानं सांगितलं, आठवतंय का म्हणून. तो म्हणाला, “फेटा मलाबी मिळाला न्हवता.”

हिराआजी

•

वाघोली,
१० मे २०२६

चि. मैत्री,

तू तिकडे माइकसमोर होतीस म्हणून इथलं तुला दिसलं नाही. सगळं लिहिते, एक अक्षर गाळत नाही.

काल पहाटेपासून त्याला ग्लानी होती. मला धडकी भरली. तनुजानं पांढरा सदरा घातला, तो इतका मोठा झाला होता त्याला की पाठीमागे पिना लावल्या. अनिरुद्धनं फोन मोठ्या स्पीकरला जोडला. मी माझा बरा कान त्या बाजूला करून बसले. शेजारपाजारचे दारात उभे.

तुझा आवाज आला. बाई, रेडिओवर किती गोड बोलतेस, घरी मात्र खेकसतेस! आधी कुणा परदेशातल्या पियानोवाल्याचा वाढदिवस सांगितलास. मग त्या मखमली आवाजाच्या गझल गाणाऱ्यांची पुण्यतिथी. रतनचे डोळे मिटलेले. मी त्याचा हात दाबला, म्हटलं झोपू नकोस रे. आणि मग तू म्हणालीस, “आजच्याच तारखेला, पुणे जिल्ह्यातल्या एका लग्नाच्या मांडवात, रतन ओव्हाळ यांनी पहिल्यांदा ढोलकी वाजवली.”

त्यानं डोळे उघडले. तू आणखी दोनदा नाव घेतलंस, ते मी मोजलं नाही, त्यानं मोजलं. मग माझा आवाज लागला, फेट्याचं, बैलगाडीचं. दारातले सगळे हसले. आणि मग त्याची ढोलकी लागली. कुकरची शिट्टी झाली तसा तो म्हणाला, “तनुजा, गॅस बंद कर.” अगं, खरंच! तनुजा उठून स्वयंपाकघरात जाऊन आली.

संपल्यावर तो म्हणाला, “पियानोवाला, गझलवाला आन त्येंच्यासंगं मी. बरी पंगत बसली की.” आणि रडला. मी माझ्या भावाला रडताना फारसं बघितलेलं नाही. आम्ही दोघंही रडलो. पोरांसारखे रडलो.

त्यानं निरोप दिलाय. मॅडमना म्हणावं, बोलनं थोडं कमी करा, ढोलकी थोडी जास्त लावा.

तुझे उपकार मानायचे नाहीत असं ठरवलं होतं, तू आमचीच पोर. पण मानते. खूप मानते.

हिराआजी

•

हिंजवडी,
१८ मे २०२६

प्रिय हिराआजी,

तुझं पत्र मी बसमधे वाचलं आणि शेजारच्या मुलीनं मला टिश्यू दिला.

सदाशिव पेठेतल्या त्या काकांचा परत फोन आला. म्हणाले, “आजचा भाग ठीक होता. ढोलकी अर्ध्यात तोडलीत, ते बरं केलं नाहीत.” मॅडम म्हणतात, या माणसाकडून ‘ठीक’ म्हणजे पुरस्कारच. आजोबांना सांग, त्यांचं आणि काकांचं मत एक पडलं!

आणि आणखी ऐक. आता एक जूनचा अर्धा तास नाही करायचा. मी प्रत्येकाला परत फोन करतेय, जन्मतारीख विचारत नाही. विचारते, तुम्ही पहिल्यांदा कधी वाजवलंत? कुणाचं गणपतीत, कुणाचं सख्ख्या काकाच्या मयतीत, एका क्लॅरिनेटवाल्याचं तर चुकीच्याच वरातीत! वर्षभर जागोजागी पसरतील. ढीग नाही.

आता तुझी तारीख. तू पहिल्यांदा कधी गायलीस? टाळू नकोस.

येत्या रविवारी येतेय. आजोबांना काय आणू?

तुझी मैत्री

•

धायरी,
३ जून २०२६

चि. मैत्री,

त्या रविवारी तू खारी घेऊन आलीस आणि दारातच चपलांचा ढीग बघून थांबलीस, ते मला दिसलं होतं. बोलायला जमलं नाही. त्याच्या पुण्यानुमोदनाला सगळे वंदनेला जमले त्या दिवशीही तू भांडी घासत बसलीस, तेव्हाही जमलं नाही. आज घरी आलेय, म्हणून लिहिते.

शेवटी फार त्रास झाला नाही रतनला. सकाळी चहा घेतला, साखर कमी आहे म्हणाला, आणि थोड्या वेळानं गेला. पांढरा सदरा तोच घातला.

अनिरुद्ध मृत्यूचा दाखला आणायला गेला होता, मी बरोबर गेले. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “जन्मतारीख?” अनिरुद्धनं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, एक जून. सांगताना हसू आलं. मग मृत्यूची तारीख. ती बाईंनी विचारलीच नाही, डॉक्टरांच्या कागदावर होती, चोवीस मे. वेळसुद्धा होती, तास-मिनिटांसकट. जन्माला आला तेव्हा कुणाला सांगता आलं नाही की ऊन होतं का सुगी होती, आणि गेला तर मिनिटापर्यंत खबर! मला फार राग आला गं. कुणाचा ते ठाऊक नाही.

परवा एक जून होता. नातवंडं मला विचारत होती केक आणायचा का. नको म्हटलं.

माझी तारीख विचारली होतीस. आठवून सांगेन. अजून जीव होत नाही.

पण एक आत्ताच सांगून ठेवते. तुमच्या कार्यक्रमात जन्माबरोबर मरणाच्या तारखाही वाचता. रतनची तारीख आता पक्की झाली, शिक्क्यासह. तुझ्या मॅडमना असाच पुरावा लागतो. कधीतरी कुणीतरी ती काढेल आणि वाचायला घेईल. तू वाचू देऊ नकोस. चोवीस मे आमच्या घरात राहू दे, ते आम्ही बघू. रेडिओवर मला रतन नऊ मेचाच हवा आहे, गुडघ्याला खरचटलेला, ढोलकी मांडीवर ओढून घेणारा.

तुझी
हिराआजी